"आपली स्टाइल" शोधायला केलेलं सहा आठवड्यांचं ऑनलाइन क्विल्टिंग वर्कशॉप: सविस्तर रिव्ह्यू

वर्कशॉप संपून आता महिना झालाय. संपल्या संपल्या लिहायचं नाही असं मुद्दाम ठरवलं होतं, कारण कुठलाही कोर्स संपला की पहिले आठ दिवस सगळंच भारी वाटत असतं, ग्रुपमधल्या लोकांची सवय झालेली असते आणि आपण पाच स्टार देऊन मोकळे होतो. आता जरा लांबून बघता येतंय. मधल्या काळात एक क्विल्ट टॉप (म्हणजे गोधडीसारख्या क्विल्टचा वरचा, तुकडे जोडून केलेला थर) पूर्ण झाला, दुसरा भिंतीवर टाचलेला आहे, त्यामुळे त्या सहा आठवड्यांतलं हातात काय उरलं आणि काय निसटलं ते नीट सांगते.

आधी माझं सांगते म्हणजे हा रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. मी चार वर्षं क्विल्टिंग करतेय. लॉग केबिन, हाफ स्क्वेअर ट्रँगल, फ्लाइंग गीज हे तुकडे जोडायचे नेहमीचे पॅटर्न सगळे येतात, पाव इंचाची शिवण सरळ येते, कोपऱ्याला कोपरा जुळतो, मशीनची भीती नाही. अडचण वेगळीच होती. माझा प्रत्येक क्विल्ट दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. पॅटर्न विकत घेतलेला, रंगसुद्धा फोटोत होते तेच, मापं त्यांची, थर एकत्र शिवायच्या क्विल्टिंगच्या रेघा त्यांच्या, आणि शेवटी जे तयार व्हायचं ते नीटनेटकं असायचं पण ह्यात तुझं काय असं कुणी विचारलं असतं तर मेहनत सोडून दुसरं काही सांगता आलं नसतं. ह्याच्या आधी एक कोर्स केला होता, नाव नाही घेत, त्याच्या जाहिरातीतपण "तुमची स्टाइल शोधा" असंच होतं. प्रत्यक्षात आठ रेकॉर्डेड व्हिडिओ, आठहीमध्ये एकच डिझाइन स्टेप बाय स्टेप, आणि शेवटी सगळ्यांचे फोटो एकत्र लागले तेव्हा एकाच साच्यातले क्विल्ट, कुणाचा निळा आणि कुणाचा हिरवा एवढाच फरक. टेक्निक चांगलं शिकवलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्यासाठी पैसे भरले ते मिळालं नाही.

म्हणून ह्या वेळी नाव नोंदवायच्या आधी मी मेल करून एकच प्रश्न विचारला, की शेवटी सगळ्यांचे क्विल्ट सारखे दिसतात का. उत्तर आलं की ह्या वर्कशॉपमध्ये क्विल्ट पूर्ण होतच नाही. ते वाचून लगेच पैसे भरले.

फॉरमॅट साधा होता. आठवड्यातून एक लाइव्ह सेशन झूमवर, दोन तासांचं, बावीस जणं आणि एक शिक्षिका. टेबलावर वरून लावलेला दुसरा कॅमेरा, त्यामुळे तिचे हात स्पष्ट दिसायचे, हे फार महत्त्वाचं आहे, आधीच्या एका क्लासमध्ये समोरून कॅमेरा होता आणि दोन तास आम्ही बाईंचं डोकं आणि मशीनची मागची बाजू बघत बसलो होतो. मधल्या दिवसांत एका बंद ग्रुपवर आपापले फोटो टाकायचे.

पहिल्या आठवड्यात शिवणकाम शून्य. मला राग आला होता खरं तर. सांगितलं काय, तर वीस फोटो काढा, क्विल्टचे नाहीत, आजूबाजूच्या कशाचेही, जिथे नजर थांबेल तिथे फोन काढा, आणि मग ते वीस एकत्र ठेवून त्यात परत परत काय येतंय ते लिहा. मी जिन्याच्या सावल्या, खिडकीची चौकट, रस्त्यावरचे पुसट झालेले पांढरे पट्टे, पुस्तकांच्या कडा असलं काहीतरी काढलं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की वीसपैकी चौदा फोटोंमध्ये एक मोठा रिकामा भाग आहे आणि एका बाजूला बारीक, जवळजवळ रेघा. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेले. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

त्याच सेशनचा दुसरा तास मॉडर्न क्विल्टिंगचा इतिहास, आणि हा तास मी परत दोनदा बघितला. मॉडर्न क्विल्ट म्हटलं की प्लेन रंग, भरपूर मोकळी जागा, ग्रे किंवा पांढरी पार्श्वभूमी आणि सरळ रेघांचं क्विल्टिंग एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती ओळख बऱ्यापैकी अलीकडची आहे, मॉडर्न क्विल्ट गिल्ड २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली आणि त्यांचं पहिलं क्विल्टकॉन, म्हणजे क्विल्टचं मोठं प्रदर्शन, २०१३ मध्ये ऑस्टिनला झालं. पण शिक्षिकेने सुरुवात तिथून केली नाही. ती आम्हाला थेट अलाबामातल्या जीज बेंडला घेऊन गेली. नदीच्या वळणात अडकलेली ती छोटी वस्ती, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांचे क्विल्ट केले, आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये ते भिंतीवर लागले तेव्हा लोक बघतच राहिले. स्क्रीनवर अ‍ॅनी मे यंग ह्यांचा १९७६ चा एक क्विल्ट मोठा करून दाखवला, बाजूने विटलेली डेनिम आणि मधोमध रंगीत पट्ट्यांचा भडक तुकडा. त्या वस्तीतल्या कामाच्या कपड्यांच्या क्विल्टमध्ये खिसा उसवलेल्या जागी डेनिमचा मूळ गडद निळा रंग तसाच राहिलेला दिसतो, तो चौकोन कुणी ठरवून काढलेला नसतो पण तो कुठे बसवायचा हे मात्र बाईने ठरवलेलं असतं.

मग तिने एकच काम केलं, आणि माझ्या दृष्टीने पूर्ण वर्कशॉपचा गाभा तिथे होता. जीज बेंडमध्ये "हाउसटॉप" म्हणून एक रचना आहे, मध्ये एक तुकडा आणि त्याच्याभोवती पट्ट्या फिरवत फिरवत चौकोनात चौकोन. सगळ्यांनी केलेली, साधी रचना. तिने वेगवेगळ्या बायकांचे चार-पाच हाउसटॉप ओळीने दाखवले आणि काहीच बोलली नाही. कुणाच्या पट्ट्या जाड आणि शांत, कुणाच्या एका बाजूला कलत गेलेल्या, कुणी मधेच एक लाल पट्टी टाकून दिलेली. डिझाइन एकच, तरी एकीचा क्विल्ट दुसरीचा म्हणून खपला नसता. मी इतकी वर्षं समजत होते की स्टाइल म्हणजे आपलं स्वतःचं नवीन डिझाइन काढणं.

कापडाची मर्यादा माणसाला कुठे नेते ह्याचं उदाहरणपण तिथलंच दिलं. १९६६ मध्ये त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था सुरू झाली, पुढे १९७२ मध्ये त्यांना सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या कव्हरचं काम मिळालं, आणि उरलेलं कॉर्डरॉय बायकांनी घरच्या क्विल्टमध्ये वापरलं. कापड मिळेल ते, रंग मिळतील ते, आणि तरी त्यातून काय एकेक क्विल्ट झालेत! हे ऐकल्यावर दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ आला तेव्हा कुरकुर करायला तोंडच उरलं नाही.

गृहपाठ असा. फक्त पाच रंग, सगळे प्लेन, प्रिंट नाही. पाचातला एक रंग असा घ्यायचा जो आपल्याला आवडत नाही. त्या पाच रंगांत बारा ब्लॉक (क्विल्टचे छोटे चौकोनी भाग), प्रत्येक साडेसहा इंचाचा, रूलर फक्त शेवटी ट्रिम करायला वापरायचा, बाकी सगळं गोल पात्याच्या रोटरी कटरने अंदाजाने कापायचं. पॅटर्न नाही, चित्र काढून ठेवायचं नाही, आणि एका ब्लॉकला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. मी नेव्ही, ऑफव्हाइट, फिकट गुलाबी, मोहरीचा पिवळा आणि न आवडणारा म्हणून एक मातकट तपकिरी घेतला.

पहिले तीन ब्लॉक अगदी लॉग केबिनसारखेच झाले कारण हाताला तीच सवय. चौथ्यापासून कंटाळा आला आणि सातव्यापासून मजा यायला लागली, मग मी वेळ लावणंच बंद केलं.

इथे टेक्निकही बरंच मिळालं, आणि ते मागे लागून शिकवलं नाही, अडलं की दाखवलं. रूलरशिवाय कापलं की कडा थोड्याफार उरेब होतात आणि उरेब कड ताणली जाते, त्यावर दुसरी पट्टी शिवली की ब्लॉक सपाट बसत नाही, मधे फुगतो. तिने सांगितलं की दर दोन-तीन शिवणींनंतर एकदा कड सरळ करून घ्या आणि इस्त्री घासू नका, दाबा आणि उचला. एवढ्याने माझे निम्मे ब्लॉक सपाट झाले. गोलाईचं तर मला खूपच उपयोगी पडलं. दोन कापडं, दोन्ही सुलट बाजू वर, कडा एकमेकांवर तीन-चार इंच चढवायच्या आणि त्या चढवलेल्या भागातून कटरने एक हलकी लाट दोन्ही थरांतून एकदम कापायची. वरच्याचा आणि खालच्याचा उरलेला तुकडा बाजूला टाकला की दोन्ही कडा एकमेकींना बरोबर जुळतात. मग सुलटवर सुलट ठेवून, पिन न लावता, एका वेळी दोन इंच हाताने जुळवत हळूहळू शिवत जायचं. मी पहिल्या वेळी लाट फार खोल कापली आणि चुण्या पडल्या. दुसरी उथळ कापली, ती शिवून इस्त्री केल्यावर इतकी गुळगुळीत बसली की मी उठून घरात सगळ्यांना दाखवून आले.

रंगाचं एक सांगते, हे कुणालाही आज करता येईल. ब्लॉकचा फोटो काढायचा आणि फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करायचा. माझे गुलाबी आणि मोहरी, डोळ्यांना इतके वेगळे, फोटोत एकच ग्रे होऊन गेले, त्यांच्यातली शिवण दिसेना. तेव्हा कळलं की माझे आधीचे दोन क्विल्ट लांबून बघितले की मळकट का वाटायचे. रंग वेगळे होते, गडद-फिकटपणा एकच होता.

आता तिसरा आठवडा. बाकीचे सगळे आठवडे काढून टाकले आणि हा एकच ठेवला तरी मी पूर्ण फी देईन.

बाराही ब्लॉक भिंतीवर लावायचे, म्हणजे डिझाइन वॉलवर, ज्यांच्याकडे नाही त्यांनी फ्लॅनेलची चादर टांगायची, कापड त्याला आपोआप चिकटून राहतं. फोटो टाकायचा. आणि मग बाकीच्यांनी बोलायचं, ज्याचे ब्लॉक आहेत त्याने गप्प बसायचं. नियम असा की "छान", "सुंदर", "आवडलं" हे शब्द वापरायचे नाहीत. फक्त काय दिसतंय ते सांगायचं. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं, कारण आपल्याला सवय फक्त वा वा करायची. एका बाईच्या ब्लॉकसमोर पूर्ण मिनिटभर कुणी बोललंच नाही. मग कुणीतरी म्हणालं, सगळे तुकडे मधल्या बिंदूपासून लांब पळतायत. आणि ते खरंच तसं होतं, ती बाई स्वतः म्हणाली की तिला हे कधी दिसलंच नव्हतं.

माझी पाळी आली. एकजण म्हणाली, मोहरी नेहमी बारीक पट्टी म्हणून येतेय, मोठा तुकडा कुठेच नाहीये. दुसरी म्हणाली, ती पट्टी कडेला आहे, मधे कधीच नाही, आणि बहुतेक वेळा डाव्या कडेला. तिसरा एकजण म्हणाला, ऑफव्हाइट सगळीकडे एकसंध ठेवलंय, कुठेच तोडलेलं नाही. मी स्क्रीनकडे बघत होते आणि मला ते वहीतलं पान आठवलं, मोठा रिकामा भाग आणि एका बाजूला बारीक रेघ. बाराच्या बारा ब्लॉक मी कुठलाही विचार न करता केले होते. बारापैकी नऊमध्ये हीच गोष्ट. मला कुणी विचारलं असतं तुझी आवडती रचना कुठली, तर मी भरगच्च, खूप तुकड्यांचं काहीतरी सांगितलं असतं, कारण तसेच क्विल्ट मी सेव्ह करून ठेवत होते. बघायला आवडतं ते आणि करायला हात जातो ते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

मग शिक्षिकेने मला सांगितलं की तीन ब्लॉक काढून टाक, ज्यांच्याशी तुला बोलावंसं वाटत नाही असे. मी लगेच पहिले तीन काढले, लॉग केबिनवाले, जे सगळ्यात नीट शिवलेले होते.

चौथ्या आठवड्यात उरलेल्यांतला एक ब्लॉक निवडून तो तीस इंचाचा करायचा, तीच रचना मोठी. इथे कळतं की सहा इंचात जे चालतं ते तीस इंचात चालतंच असं नाही. माझी पाऊण इंचाची मोहरी पट्टी मोजमापाने साडेतीन इंचांच्या वर गेली आणि सगळा जीवच गेला त्यातला. ती पाऊण इंचाचीच ठेवली, बाकी सगळं मोठं केलं, आणि मग बरोबर बसलं. हे कुठल्याही व्हिडिओत मला सापडलं नसतं कारण ही माझ्या ब्लॉकची अडचण होती, त्यावर तिथल्या तिथे कुणीतरी बघून बोलायला हवं होतं.

पाचवा आठवडा मांडणी आणि मोकळी जागा, तो ठीक होता, त्यातलं बरंचसं वाचून समजतं.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत.

सामानाच्या यादीत "पाच रंगांचं प्लेन कॉटन" एवढंच होतं, किती ते नाही. मी अंदाजाने प्रत्येकी अर्धा मीटर घेतलं आणि चौथ्या आठवड्यात ऑफव्हाइट संपलं. परत मागवलं तर दुसऱ्या लॉटचा रंग किंचित पिवळसर, शेजारी ठेवला की दिसतो. पार्श्वभूमीचा रंग निदान दोन मीटर घ्या असं एक वाक्य यादीत असतं तर हे टळलं असतं.

बावीस माणसं दोन तासांत जास्त होतात. तिसऱ्या आठवड्याचं सेशन पाऊण तास लांबलं, तरी शेवटच्या चार-पाच जणांच्या ब्लॉकवर घाईघाईत बोलणं झालं आणि त्यांना ते जाणवलं, एकीने ग्रुपवर लिहिलंसुद्धा. ज्या गोष्टीसाठी हे वर्कशॉप घ्यावं तीच गोष्ट काहींना अर्धी मिळाली. बारा जणांची बॅच हवी, फी थोडी जास्त असली तरी चालेल. रेकॉर्डिंगपण फक्त तीस दिवस. माझं आत्ताच बंद झालं, आणि इतिहासाचा तो तास मला अजून एकदा बघायचा होता.

आणि सहावा आठवडा. मशीन क्विल्टिंग, बाइंडिंग (म्हणजे कडा पट्टीने बंद करणं), सगळं एका सेशनमध्ये कोंबलं. मॉडर्न क्विल्टवर दिसतात त्या पाव-पाव इंचावरच्या सरळ रेघा तिने वॉकिंग फूटने (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशीनचा भाग) सहा इंचाच्या नमुन्यावर दाखवल्या, पाच मिनिटांत झाल्या, आणि सगळ्यांना वाटलं अरे सोपं आहे. हिशोब कुणी सांगितला नाही. मी घरी केला. पन्नास इंच बाय पन्नास इंचाच्या क्विल्टवर पाव इंचाने रेघा मारायच्या म्हणजे साधारण दोनशे रेघा, प्रत्येकी पन्नास इंच, म्हणजे दहा हजार इंच शिवण, अडीचशे मीटर! वरचा आणि बॉबिनचा मिळून पाचशे मीटरच्या वर दोरा, आणि एवढा वेळ तो जड गठ्ठा मशीनच्या गळ्यातून सरकवत राहायचा. करू नका असं म्हणत नाहीये, मला त्या रेघा फार आवडतात, पण नवीन माणसाला हे आधी कळायला हवं, नाहीतर अर्ध्यात हात टेकतात. मधोमध काही रेघा आधी मारून घ्यायच्या आणि मग बाहेरच्या बाजूला जात भरायचं, नाहीतर वरचं कापड सरकत जाऊन शेवटी तिरकी घडी पडते, हेसुद्धा मला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं, वर्कशॉपमध्ये त्यावर एक ओळ आली आणि गेली.

शिवाय कुठल्या रेघा माराव्यात हा स्टाइलचाच भाग आहे ना. माझ्या मोकळ्या ऑफव्हाइटवर दाट रेघा मारल्या की ती जागा मोकळी राहतच नाही, तिथे एक पोत येतो. ह्यावर बोलायला एक पूर्ण आठवडा पाहिजे होता. फीडबॅक फॉर्ममध्ये मी हे सविस्तर लिहिलंय.

कुणी घ्यावं? ज्यांना शिवता येतं, पाव इंचाची शिवण जमते, दोन-तीन क्विल्ट पूर्ण केलेत आणि आता पुढे काय असं झालंय, त्यांनी डोळे झाकून घ्या. अगदी नवीन असाल तर आत्ता नको. बॅचमध्ये दोघीजणी अगदीच नवीन होत्या, त्यांचा अर्धा वेळ कटर कसा धरायचा आणि मशीनचं टेन्शन का बिघडलं ह्यात गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे लावायला चारच ब्लॉक होते. चार ब्लॉकमध्ये परत परत काय येतंय ते दिसत नाही. त्यांच्यासाठी आधी रेकॉर्डेड बेसिक कोर्सच बरा, तो हवा तिथे थांबवून परत बघता येतो, ते लाइव्हमध्ये जमत नाही. आणि ज्यांना सहा आठवड्यांनी हातात तयार क्विल्ट हवाय त्यांची निराशा होईल, इथे बारा ब्लॉक आणि एक मोठा तुकडा एवढंच मिळतं.

घेणार असाल तर दोन गोष्टी करा. बारा ब्लॉक पूर्ण करा, नऊवर थांबू नका, माझं जे काही दिसलं ते सातव्यानंतरच्या ब्लॉकमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसलं. आणि दुसऱ्यांच्या ब्लॉकवर मनापासून बोला, कारण एकवीस जणांचे ब्लॉक नीट बघून बघूनच स्वतःचे बघायची नजर येते, मी पहिल्या अर्ध्या तासात गप्प बसले होते त्याचं अजून वाईट वाटतं.

पाचपैकी चार स्टार. एक सहाव्या आठवड्याचा कापला. दुसऱ्या लेव्हलच्या बॅचला नाव दिलंय, पण आधी भिंतीवरचा टॉप उतरवून बॅटिंगवर, म्हणजे मधल्या भरावाच्या थरावर, टाचायचाय, त्यात डाव्या कडेला पाऊण इंचाची मोहरी पट्टी आहे आणि तिच्या शेजारी, पहिल्यांदाच, त्या मातकट तपकिरीचा बऱ्यापैकी मोठा तुकडा.